विमान कोणाच्या हातात होतं

सुहासिनी पेंडसे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्याची प्रमुख होती. कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवायची, आणि त्यातला एखादा लॉट तिला पटला नाही तर तो गेटबाहेर जात नसे, मग प्रॉडक्शनवाल्यांनी कितीही आदळआपट करावी. हाताखालच्या माणसांनी तिला 'रिजेक्ट मॅडम' असं नाव ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. सत्तेचाळीस वर्षांची, बुटकी, चष्मेवाली बाई. निगडी प्राधिकरणातून रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायची आणि मोशी येईपर्यंत डोळे मिटून घ्यायची. ही बाई रविवारी विमान चालवते असं कोणी सांगितलं असतं, तर निम्म्या बसने ते हसण्यावारी नेलं असतं.

पण ती चालवायची. एकोणचाळिसाव्या वर्षी शिकायला लागली. एका ओळखीच्या माणसाबरोबर फ्लाइंग क्लब बघायला म्हणून गेली, विमानात बसून एक फेरी मारून आली आणि घरी येऊन म्हणाली, मी हे शिकणार. नवरा कॉलेजात गणित शिकवायचा. त्याने दोन दिवस विचार केला आणि विचारलं, रविवारी भाजी कोण आणणार? भाजी तूच आण, असं ठरलं. मुलगी ओवी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं आणि कोणी विश्वास ठेवला नाही म्हणून रडत घरी आली. पुढची तीन वर्षं सुहासिनीने रविवार दुसऱ्या कशाला दिला नाही. हवामान, दिशाशोधन, हवाई नियम, सगळ्या परीक्षांची पुस्तकं तिने कंपनीच्या कँटीनमध्ये जेवता जेवता वाचली. बेचाळिसाव्या वर्षी खासगी पायलटचा परवाना हातात पडला. महिन्याला दोन तास उडायचं, त्याहून जास्त परवडत नाही, असा तिचा हिशेब होता आणि तिला तो पुरत होता.

क्लब म्हणजे फार मोठं काही नव्हतं. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याला लागलं की पुढे एक फाटा आत वळायचा. तिथे एक धावपट्टी, पत्र्याचं हँगर, तीन विमानं, आणि ऑफिस म्हणून दोन खोल्या. लोहगाव विमानतळाच्या परवानगीशिवाय तिथे चाकसुद्धा जमिनीवरून उचलायचं नाही, असा कारभार. क्लबचे सेक्रेटरी मधुसूदनराव एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि आणखी चारपाच जणांनी खटपट करून हा क्लब उभा केला होता, आणि पोटच्या पोराला जपावं तसा ते त्याला जपत. विमानं आत-बाहेर काढणं, चाकांना ठोकळे लावणं, धावपट्टीवरची कुत्री हाकलणं ही कामं सयाजी करायचा. तो तिथल्याच गावचा, पन्नाशीचा. आणि शिकवायला होता मिहिर, तळेगावचा मुलगा, एकोणतीस वर्षांचा. तास साठवून मोठ्या विमान कंपनीत जायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. शिकवायचा मात्र मन लावून.

क्लबचा एक नियम होता. परवाना असलेल्या सभासदाने पंचेचाळीस दिवसांत उड्डाण केलं नसेल, तर एकट्याने विमान न्यायचं नाही. आधी क्लबच्या शिक्षकाला शेजारी बसवून चेक फ्लाइट द्यायची, त्याने सही केली की मग मोकळं. सरकारच्या लेखी परवाना चालू असला तरी क्लबच्या लेखी हात गंजलेला असू शकतो, असा त्याचा अर्थ. पुष्कळ सभासदांना हा नियम टोचायचा. वीस वर्षं उडतोय आणि पोरासोरांपुढे परीक्षा द्यायची का, म्हणायचे. सुहासिनीला तसं कधी वाटलं नाही. कंपनीत मोजमापाचं प्रत्येक यंत्र ठरल्या मुदतीला तपासून घेणं हे तिचंच काम होतं.

त्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत कंपनीत परदेशी ग्राहकाचं ऑडिट लागलं आणि तिचे सगळे रविवार त्यात गेले. फेब्रुवारीत ती क्लबवर आली तेव्हा शेवटच्या उड्डाणाला अडुसष्ट दिवस झाले होते. मिहिरने रजिस्टरमध्ये लिहिलं: तारीख, विमान, 'चेक फ्लाइट', दोघांची नावं. 'कमांडर' नावाचा एक रकाना होता, तो कोरा राहिला. चेक फ्लाइटला तो कोराच राहायचा, पहिल्यापासून. तिनेही बघितला आणि सही केली.

सकाळ शांत होती. कारखान्यांकडून आलेला धुरकट पडदा खाली बसला होता, वर आकाश स्वच्छ. सुहासिनी डावीकडे बसली, मिहिर उजवीकडे. दोघांपुढे एकेक स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करायची दांडी. एक हलवली की दुसरीही हलते. तासभर सगळं नीट झालं. वेग कमी करून विमान पडू दिलं आणि सावरलं, इंजिन बंद पडल्याचं सोंग करून शेत निवडलं, तिरपी वळणं घेतली. मिहिर खुशीत होता. दोघं मराठीतच बोलत होते. त्याच्या इंटरव्ह्यूची गोष्ट निघाली, तीन आठवड्यांवर आला होता. मग उतरायचा सराव. पहिली दोन उतरणं चांगली झाली. तिसऱ्या वेळी धावपट्टीच्या तोंडाशी ती थोडी उंच राहिली. फार नाही, हातभर. अशा वेळी नाक हळूहळू उचलून धरायचं असतं, म्हणजे मागची चाकं आधी टेकतात. ती ते करायला लागली. तेवढ्यात मिहिरने दोन बोटं त्याच्या स्टिकला लावली आणि म्हणाला, "मी आहे."

सुहासिनीने हात सोडला.

मिहिरनेही बोटं काढून घेतली होती. विमान क्षणभर तरंगलं, मग नाक खाली गेलं आणि पुढचं चाक धाडकन आपटलं. पंख्याची टोकं जमिनीला घासल्याचा आवाज तिच्या दातांत घुसला. मिहिरने इंजिन बंद केलं, विमान वाकड्या पायाने घसटत जाऊन थांबलं. दोघं धडधाकट होते. सयाजी धावत आला तेव्हा दोघं दोन बाजूंनी उतरून त्या वाकलेल्या चाकाकडे बघत उभे होते.

मधुसूदनराव अर्ध्या तासात आले. आधी दोघांना लागलं नाही ना, हे त्यांनी विचारलं, पाणी मागवलं, सुहासिनीच्या खांद्यावर हात ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. मग टेबलाशी बसून कागद पुढे ओढला. सरकारच्या विमान वाहतूक खात्याला कळवावं लागणार होतं, त्याला इलाज नव्हता. पण काय कळवायचं हे ठरवायचं होतं. त्यांनी मिहिरला विचारलं, विमान कोणाच्या हातात होतं? मिहिर म्हणाला, ताईंच्या. सुहासिनीला विचारलं. ती म्हणाली, मिहिरच्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून तिथल्या तिथे कळलं.

मधुसूदनरावांनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे मार्ग सांगितला. वाऱ्याचा एकाएकी झोत आला असं लिहायचं. कोणाचाच दोष नाही. आणि रजिस्टरमधला तो रकाना भरून टाकायचा, सुहासिनीचं नाव घालून. परवाना तिचा चालू आहे, डावीकडे ती बसली होती, त्यामुळे कमांडर तीच. वाऱ्याचा झोत म्हटल्यावर कमांडरलाही कोणी काही म्हणणार नाही. मिहिरचा इंटरव्ह्यू निभावेल, विमा मिळेल, क्लबवर ठपका येणार नाही. साक्षीला म्हणून त्यांनी सयाजीला हाक मारली आणि विचारलं, वारा होता ना रे?

सयाजी दारात उभा राहिला. तो क्लबचा कायमचा नोकर नव्हता, दर वर्षी त्याचं कंत्राट मधुसूदनरावच वाढवत. त्याने हातातलं फडकं एकदा पिळलं आणि म्हणाला, "वारं न्हवतं साहेब. ती वाऱ्याची पिशवी हाय न्हवं, ती सरळ खाली लोंबत हुती. म्या तिच्याखालीच उभा हुतो."

मधुसूदनरावांनी त्याला जायला सांगितलं. रागावले नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. सुहासिनीपुढे त्यांनी रजिस्टर सरकवलं, पेनाचं टोपण काढून दिलं. तिने पेन घेतलं नाही.

"रकाना कोरा होता, मधुसूदनराव," ती म्हणाली. "तो कोराच राहू द्या. तो का कोरा होता, हेच तर लिहायचंय."

तुम्हाला आज धक्का बसलाय, उद्या बोलू, असं ते म्हणाले. तिने फोनवर रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो काढून घेतला, त्यांच्यादेखत, आणि मग घरी गेली.

घरी कोणी तिला दोष दिला नाही. ओवीने चहा करून दिला, नवऱ्याने विचारलं ते एवढंच, की वाऱ्याचं लिहिलं तर कोणाचं काय बिघडतं? प्रश्न सरळ होता. तिला त्याचं उत्तर ठाऊक होतं, पण ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी तिने ते नवऱ्याला सांगितलं.

पंचविसाव्या वर्षी ती भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला लागली होती. तिथे प्रेसवर गणराज नावाचा परभणीकडचा मुलगा काम करायचा, चौघांत मिळून भाड्याच्या खोलीत राहायचा. एक दिवस प्रेस खाली आली आणि त्याची दोन बोटं गेली. अपघाताच्या अहवालात मालकाने लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा', आणि खाली सही करायला सुहासिनीला बोलावलं. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला असते ती जाळी आठवडाभर निघालेली होती, हे तिने ऐकलं होतं. जाळी कोणी काढली, परत बसवायची कोणाची जबाबदारी होती, हे तिने विचारलं नाही. नवीन नोकरी होती. तिने सही केली. बऱ्याच वर्षांनी पिंपरी कँपात मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या माणसाने तिला ओळखलं, "मॅडम" म्हणून हाक मारली, चहा घ्या म्हणाला. गणराजच होता. तिने सहीचा विषय काढला तर तो म्हणाला, तुमी तरी काय करणार होता. तो मनापासून म्हणाला होता. तेच तिला सोसलं नव्हतं.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि मग लॅपटॉप तिच्यापुढे आणून ठेवला.

तिने अहवाल लिहायला घेतला तेव्हा तिला कळलं की मिहिरवर ठपका ठेवणं सोपं आहे, स्वतःवर घेणंही तितकंच सोपं आहे, आणि दोन्हींनी काम भागत नाही. ती कंपनीत ज्या पद्धतीने लिहायची त्याच पद्धतीने तिने लिहिलं: काय घडलं, कोणत्या क्रमाने. शिक्षकाने 'मी आहे' म्हटलं. मी त्याचा अर्थ, विमान त्याने घेतलं, असा घेतला. विमान दिल्या-घेतल्याचे ठरलेले शब्द आहेत. एकाने 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं, दुसऱ्याने 'यू हॅव कंट्रोल' म्हणायचं, आणि ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही. विद्यार्थी असताना हे आमच्याकडून घोकून घेतलं जातं. परवाना मिळाल्यावर दोन पायलट शेजारी बसले की आम्ही ते शब्द सोडून देतो. ते शब्द मी ऐकले नाहीत, मागितलेही नाहीत, आणि हात सोडला. ही माझी चूक. त्या उड्डाणाचा कमांडर कोण हे निघण्यापूर्वी आम्ही ठरवलं नाही. क्लबच्या नियमात चेक फ्लाइट घ्या असं आहे, त्यात जबाबदारी कोणाची हे नाही. शेवटी तिने लिहिलं: साधारण चार सेकंद हे विमान कोणीच चालवत नव्हतं.

हे वाक्य तिने दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं.

अहवाल पाठवण्याआधी तिने तो मिहिरला पाठवला. त्याचा फोन आला तो संतापलेला. तिच्याशी तो असा कधीच बोलला नव्हता. तो म्हणाला की तुमची नोकरी कंपनीत आहे, तुम्हाला रविवारचा छंद आहे, माझं पोट यावर आहे. तुम्ही चार सेकंद म्हणता, कोणी मोजली? मी 'मी आहे' म्हणालो ते तुम्हाला धीर द्यायला. उद्या कोणी 'सावकाश' म्हटलं तरी हात सोडाल का? तिने सगळं ऐकून घेतलं. बाजू मांडली नाही. म्हणाली, "मी चुकत असेन. शनिवारी हँगरमध्ये ये. आपण दोघं परत त्या विमानात बसू. मग तू सांगशील तसा अहवाल बदलते, पण बसल्याशिवाय नाही."

तो येणार नाही असं तिला वाटलं होतं. आला. विमान हँगरच्या कोपऱ्यात होतं, पुढचं चाक काढलेलं, नाक एका लोखंडी घोडीवर टेकवलेलं. सयाजीने त्यांना काही विचारलं नाही, नुसती शिडी आणून लावली आणि बाहेर गेला. दोघं आपापल्या जागी बसले. सुहासिनीने फोन डॅशबोर्डवर उभा करून व्हिडिओ चालू केला आणि मिहिरला सांगितलं की तू त्या दिवशी जिकडे बघत होतास तिकडेच बघ, समोर धावपट्टीच्या टोकाकडे, आणि जे केलंस तेच कर. त्याने समोर बघत दोन बोटं लावली, "मी आहे" म्हणाला, बोटं काढली. पुन्हा एकदा कर, ती म्हणाली. त्याने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज जरा चढला.

मग त्यांनी व्हिडिओ बघितला. मिहिर समोर बघत होता, त्यामुळे जे त्याला त्या दिवशी दिसलं नव्हतं ते आता दिसलं. त्याचे शब्द सुटताच सुहासिनीचा हात स्टिकवरून निघून मांडीवर जात होता. तिन्ही वेळा, न चुकता, शब्दाबरोबर. आणि त्याच वेळी त्याचीही बोटं निघत होती. दोघांपुढच्या स्टिक मोकळ्या उभ्या राहत होत्या.

त्याने फोन हातात घेऊन तो भाग तीनचार वेळा मागे-पुढे केला. मग म्हणाला, "ताई, मी हे प्रत्येकाला म्हणतो. शिकाऊ मुलांनासुद्धा म्हणतो."

तिने फक्त मान डोलावली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

क्लबच्या समितीची बैठक पुढच्या मंगळवारी झाली. मधुसूदनरावांनी सुरुवातीलाच सांगितलं की असला अहवाल गेला तर वीस वर्षांत क्लबला नियम लिहिता आले नाहीत असं दिसेल. सुहासिनी म्हणाली की आले नाहीत, हे खरंच आहे. पण इथे बसलेल्या प्रत्येकाने तो कोरा रकाना बघून सही केलेली आहे, तिनेही केली, म्हणून हा एकट्या सेक्रेटरींचा दोष नाही. एकदोघं सभासद चिडले, आमचं विमान तीन महिने बंद आणि वर उपदेश, म्हणाले. मग मिहिरने स्वतःचा कागद काढून वाचून दाखवला. त्याने कसलीही सारवासारव केली नव्हती. 'मी आहे' हे शब्द त्याने जसेच्या तसे लिहिले होते आणि पुढे लिहिलं होतं की हे शब्द मी सवयीने वापरत आलो, माझ्या विद्यार्थ्यांना याबद्दल मी स्वतः सांगणार आहे. तो वाचत असताना मधुसूदनराव टेबलाकडे बघत होते. वाचून झाल्यावर त्यांनी वाऱ्याचा झोत लिहिलेला आपला कागद चौघडी करून खिशात घातला आणि दोघांचे अहवाल जसेच्या तसे पाठवायला सांगितले.

खात्याचा माणूस येऊन गेला. त्याने सयाजीलाही विचारलं, सयाजीने त्यालाही पिशवी लोंबत होती हेच सांगितलं. महिन्याभराने पत्र आलं. क्लबला चेक फ्लाइटचे नियम लिहून काढायला सांगितलं होतं, मिहिरला महिनाभर शिकवायला बंदी आणि बाहेरच्या शिक्षकाकडे फेरतपासणी, सुहासिनीला शिक्षकाबरोबर तीन उड्डाणं पुरी करून मगच पुन्हा चेक. पत्र यायच्या आधीच झालेल्या इंटरव्ह्यूत मिहिरला अपघाताबद्दल विचारलं गेलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. त्या तुकडीत त्याला घेतलं नाही. पुढच्या वेळी अर्ज करा, म्हणाले. तो आठ दिवस क्लबवर फिरकला नाही आणि सुहासिनीने त्याला फोन केला नाही, कारण काय बोलावं ते तिला सुचेना. त्याचं जे गेलं त्यात तिचा हात होता, हे तिने स्वतःशी नाकारलं नाही. तरी तो अहवाल परत लिहायची वेळ आली असती, तर तिने तसाच लिहिला असता, आणि हेही तिने स्वतःशी नाकारलं नाही.

नियम लिहायचं काम समितीने तिच्याच गळ्यात घातलं. तिने तो एका पानात बसवला. ज्याची मुदत उलटली आहे त्याच्या चेक फ्लाइटला कमांडर शिक्षकच, जबाबदारीही त्याची. ज्याची मुदत उलटलेली नाही, नुसती वार्षिक तपासणी आहे, त्याच्या वेळी कमांडर तो स्वतः; शिक्षक बघेल, सांगेल, पण विमान हातात घ्यायचं तर ठरलेल्या शब्दांनी मागून घेईल. दोघांनी निघण्यापूर्वी हे एकमेकांना मोठ्याने सांगायचं, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, दोघांनी सही करायची. आणि नाव लिहिलेलं सयाजीने स्वतः बघितल्याशिवाय चाकांचे ठोकळे काढायचे नाहीत.

शेवटच्या कलमावर बरीच वादावादी झाली, पण ती हटली नाही. पहिली कसोटी लागली ती आबाजींच्या वेळी. आबाजींचं भोसरीत मोठं वर्कशॉप, क्लबच्या जुन्या सभासदांपैकी ते एक. वार्षिक तपासणीला आले, बाहेरून आलेल्या शिक्षकाला घेऊन विमानात बसले आणि सयाजीला खूण केली. सयाजी रजिस्टर घेऊन खिडकीशी आला. आबाजी हसले, म्हणाले, नाव घ्यायला माझं लग्न लागलंय काय? सयाजी ठोकळ्यांपाशी जाऊन उकिडवा बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आबाजींनी ऑफिसच्या दिशेने हाक मारली. मधुसूदनराव बाहेर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आबाजी, लिहा नाव. त्याशिवाय तो काढायचा नाही, आणि मीही त्याला सांगायचा नाही." आबाजींनी पुटपुटत नाव लिहिलं. हे सुहासिनीला सयाजीने सांगितलं, हसता हसता. त्याचं कंत्राट त्या वर्षी तीन वर्षांसाठी झालं.

ती तीन उड्डाणं पुरी झाल्यावर एप्रिलच्या शेवटी सुहासिनीची चेक फ्लाइट ठरली. मिहिर परत शिकवायला लागला होता. तिला दुसरा शिक्षक मागता आला असता, मधुसूदनरावांनी तसं सुचवलंही. तिने मिहिरच मागितला. सकाळी साडेसहाला दोघं रजिस्टरपाशी उभे राहिले. मिहिरने रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. तिच्या मनात क्षणभर खुपलं; पाच वर्षांचा परवाना खिशात आणि आपल्या उड्डाणाचा कमांडर दुसराच. पण नियम तिनेच लिहिला होता. तिने सही केली.

"कमांडर मी," मिहिर म्हणाला.

"कमांडर तू. विमान माझ्या हातात, तू मागेपर्यंत."

उन्हाळ्याची हवा सकाळपासूनच उसळत होती, विमान खालून ढुशा बसल्यासारखं हलत होतं. मिहिर फारसा बोलला नाही. सगळे प्रकार झाले, मग उतरणं. पहिल्याच वेळी धावपट्टीच्या तोंडाशी ती पुन्हा उंच राहिली. मिहिर गप्प होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, तिला कडेने दिसत होते. उतरवता आलं असतं कदाचित. तिने कदाचितवर जायचं नाही असं ठरवलं, इंजिनला पूर्ण जोर दिला आणि विमान परत वर नेलं. वळसा घालून आली, दुसऱ्यांदा नीट मोजून खाली आली. मागची चाकं टेकली, नाक तिने धरून ठेवलं, ते आपल्या वजनाने सावकाश खाली आलं. उतरणं काही देखणं नव्हतं, जरा धबकलंच. तिसरं त्याहून बरं झालं.

खाली आल्यावर मिहिरने सही केली. म्हणाला, "पहिल्या वेळी परत वर गेलात, त्यासाठी सही. बाकी उंच राहायची खोड अजून आहे तुमची. पुढच्या महिन्यात दोनदा तरी या." मग थोडा घुटमळला आणि त्याने सांगितलं की नोव्हेंबरच्या तुकडीसाठी त्याने परत अर्ज केला आहे. अपघाताचं अर्जातच लिहिलंय, विचारायची वाट बघितली नाही. तिने विचारलं, भीती वाटते का? हो, म्हणाला.

त्याच सकाळी ती एकटी उडाली. शेजारची जागा मोकळी होती, विमान हलकं लागत होतं. धावपट्टी सुटली, फाट्यावरचं चहाचं दुकान गेलं, मग चाकणची निळी-पांढरी छपरं लांबच लांब पसरलेली, त्यांतलं एक तिच्या कंपनीचं. नाशिक रस्त्यावर ट्रकची रांग तिथून मुंगीसारखीही हलताना दिसत नव्हती. तिने तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत हवा फार उसळायला लागली तेव्हा चौथीचा मोह सोडून ती उतरली, इंजिन बंद केलं आणि विमान सयाजीच्या हवाली केलं.

परतताना चाकणच्या तळेगाव चौकात ती पाऊण तास अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे तिची छोटी गाडी. तिने ओवीला फोन करून सांगितलं की जेवून घ्या, मला उशीर होतोय. ओवीने विचारलं, झालीस का पास? झाले, ती म्हणाली, आणि सोमवारी एक लॉट परत तपासायचा आहे हे आठवून तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली.